चिऊची शी आणि बाबाचं वेळापत्रक

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. फक्त मधले 'अं... अं...' काढलेत, आणि शेजारचा कोंबडा दोनदा आरवला तेही.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा. आज मी पंधरा-वीस मिनिटं शी आणि शू या विषयावर बोलणार आहे. तुम्ही विरार लोकलमध्ये उभे असाल आणि फोन स्पीकरवर असेल, तर शेजारचा माणूस तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघेल. आणि जेवत असाल तर आधी जेवून घ्या. पॉज करा, मी कुठे जात नाही.

आजचा विषय आहे लहान मुलांचं पॉटी ट्रेनिंग. तुमच्यातले निम्मे म्हणतील, अरे माझं अजून लग्न नाही, मला काय करायचंय? पण तुम्ही कुणाचे तरी मामा असाल, आत्या असाल, नाहीतर उद्या व्हाल. आणि दुसरं म्हणजे, ही गोष्ट अर्धी माझ्या मुलीची आहे आणि अर्धी माझ्या चुकीची. ती चूक करायला आईबाप असावंच लागतं असं नाही.

आधी थोडी ओळख, नवीन मंडळींसाठी. मी चिंचणीचा. डहाणू तालुका, पालघर जिल्हा. समुद्र, सुरूची झाडं आणि घराघरात दागिन्यांचे डाय कोरणारी माणसं. पलीकडे तारापूर, जिथे १९६९ पासून अणुवीज तयार होतेय. म्हणजे अणुभट्टी सांभाळणारे लोक आमच्या शेजारच्या गावात जातात-येतात, आणि मला एका अडीच वर्षांच्या मुलीची शी सांभाळता आली नाही. बीटेक करून!

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठवड्यातून दोन दिवस वाणगावहून लोकल पकडून ऑफिसला जातो, बाकी दिवस घरून काम. बायको बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सकाळी लवकर निघते. दिवसा मुलीजवळ मी, माझी आई आणि माझी आजी. मुलीचं नाव सांगणार नाही. उद्या मोठी होऊन हा भाग ऐकला तर माझी खैर नाही. तिला आपण चिऊ म्हणू.

तर, मे महिना. चिऊ दोन वर्षं सात महिन्यांची. जूनपासून तिला एका प्लेग्रुपमध्ये घालायचं ठरलेलं. फॉर्म भरत होतो. नाव, पत्ता, रक्तगट, लसी, आणि मग एक प्रश्न: 'मूल डायपरशिवाय राहते का? हो / नाही.' काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, नाही असेल तर आम्ही घेत नाही हं." मी पेन उचललं आणि 'हो'वर टिक केली.

धडधडीत खोटं. पण मी मनात म्हटलं, अजून पाच आठवडे आहेत. प्रोजेक्ट आहे, डेडलाइन आहे, आपण हेच तर करतो रोज.

घरी येऊन एक एक्सेल शीट बनवली. हसू नका. वेळ, किती मिली पाणी प्यायली, शू, शी, आणि शेवटचा रकाना 'अपघात'. मोबाइलवर दर अर्ध्या तासाचा अलार्म लावला. बेडकाच्या तोंडाची हिरवी पॉटी ऑनलाइन मागवली. स्टिकर आणले. आणि 'तीन दिवसांत डायपरमुक्ती' असले चार व्हिडिओ बघितले.

ही 'झटपट'ची कल्पना कुठून आली हे मी नंतर शोधलं. अमेरिकेत नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी संस्थांमध्ये राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी एक पद्धत बसवली. मग तीच लहान मुलांसाठी बेतली आणि १९७४ मध्ये 'टॉयलेट ट्रेनिंग इन लेस दॅन अ डे' नावाचं पुस्तक काढलं. एका दिवसाच्या आत! मुलाला भरपूर पाणी-सरबत पाजायचं, बाहुलीला पॉटीवर बसवून दाखवायचं, जमलं की लगेच शाबासकी, पुन्हा पुन्हा सराव. काही मुलांना ही पद्धत जमते. खोटं नाहीये ते. पण त्यात मोठ्या माणसानं तो सगळा वेळ फक्त मुलाला द्यायचा असतो. फोन बंद, पाहुणे बंद, कामं बंद. मी व्हिडिओतलं बाकी सगळं उचललं आणि एवढंच सोडलं.

पहिला दिवस. अकरा अपघात, पॉटीत शून्य. बेडूक चिऊनं हेल्मेट म्हणून डोक्यावर घातला. ठीक आहे, न वापरलेलाच होता.

दुसरा दिवस. अलार्म वाजला की मी तिला खेळातून उचलून बेडकावर बसवायचो. ती दोन मिनिटं बसायची, काही व्हायचं नाही. उठायची, आणि चार पावलं चालून आजीच्या चटईवर शू करायची. मला वाटायला लागलं, ही मुद्दाम करतेय.

तिसरा दिवस. त्या दिवशी आमचं रिलीज होतं. मी कॉलवर, कॅमेरा चालू, समोर पंधरा माणसं. चिऊ आली, माझी पँट ओढली. "बाबा." मी हातानं 'थांब' म्हटलं. परत ओढली. "बाबा, बाबा." मी म्हटलं, एक मिनिट. आणि ती तिथेच, माझ्या खुर्चीजवळ, लॅपटॉपच्या चार्जरला लागून, शी करून मोकळी झाली.

मी म्यूट केलं, आणि ओरडलो. काय ओरडलो ते सांगतो, कारण ते लपवलं तर या भागाला अर्थ नाही. "घाणेरडी! शी! कुठे करतात हे? किती वेळा सांगायचं?" आवाज एवढा की मागच्या पडवीतून आई धावत आली.

चिऊ रडली नाही. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पळत जाऊन कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत उभी राहिली.

मी साफ केलं, अनम्यूट केलं, आणि "सॉरी, नेटवर्क गेलं होतं" असं सांगून कॉल पुढे चालू केला.

आता मंडळी, ती पँट ओढत होती ना, ती मला सांगत होती. तीन दिवस मी जे शिकवत होतो, 'शी आली की बाबाला सांगायचं', ते तिनं पहिल्यांदा केलं. दोनदा केलं. आणि त्याचंच बक्षीस म्हणून ओरडा खाल्ला. हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी शीटमध्ये मी 'अपघात' असं भरलं.

त्यानंतर चिऊनं शी करणंच बंद केलं.

एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मध्येच खेळ थांबवून ती टेबल धरून टाचा उंचावून उभी राहायची. पाय आवळायची, तोंड लाल, अंगाला घाम. आम्हाला वाटायचं जोर लावतेय, होत नाहीये. आई म्हणायची, "कर बाळा, कर." चिऊ ओरडायची, "नाही! नाही येत!" पाचव्या दिवशी संध्याकाळी झाली. किंचाळून झाली. मुठीएवढी, दगडासारखी, आणि वरून रक्ताची रेघ. बायको नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पर्स तशीच, आणि ती चिऊला धरून जमिनीवर बसली. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी तयारीत गेलो होतो, एक्सेलची प्रिंट घेऊन! डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली. पोट तपासलं आणि मग मला एक कागद घेऊन गोल काढून दाखवला. इथून पुढचं नीट ऐका, कारण हे कुणी सांगत नाही.

मूल टाचा उंचावून उभं राहतं, पाय आवळतं, तेव्हा बहुतेक वेळा ते शी बाहेर ढकलत नसतं, आत धरून ठेवत असतं. का धरतं? दुखेल म्हणून, किंवा कुणी रागावेल म्हणून. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. शी जितका वेळ आत, तितकी कोरडी, तितकी कडक. कडक झाली की बाहेर येताना दुखते, कधी कधी गुदद्वाराला चीर पडते. दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतं. झालं चक्र सुरू. आम्ही प्रोग्रामर ज्याला इन्फिनिट लूप म्हणतो, तेच.

आणि हे महिनोन् महिने चाललं तर आतडं ताणून मोठं होतं, 'आली' ही जाणीवच बोथट होते. मग कडक शीच्या बाजूनं पातळ शी चड्डीत झिरपत राहते. आईबापांना वाटतं मूल आळशी आहे, मुद्दाम करतंय, किंवा जुलाब झालेत. प्रत्यक्षात त्या मुलाला कळतच नसतं. अशा मुलांना शाळेत पोरं चिडवतात, घरी मार बसतो. आणि मुळात असतं ते बद्धकोष्ठ.

मी विचारलं, मग आता ट्रेनिंगचं काय? डॉक्टर म्हणाले, "बंद. डायपर परत चालू करा. आधी तिला हे पटू दे की शी करताना दुखत नाही." मी म्हटलं, पण जूनमध्ये... ते म्हणाले, "घाई तिला आहे की तुम्हाला?"

शी मऊ राहण्याचं औषध दिलं. नाव सांगत नाही, कारण डोस वजनावर ठरतो आणि ते डॉक्टरांनीच सांगायचं असतं. एक मात्र सांगतो: दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करू नका. आठवडे, कधी महिने लागतात. चिऊला ते अडीच महिने चाललं. शिवाय त्यांनी विचारलं, दूध किती पिते? दिवसाला चार बाटल्या. "निम्मं करा." दुधानंच पोट भरलं तर मूल भाजी-भाकरी, फळं कशाला खाईल? म्हणजे आपण 'दूध पिते हो छान' म्हणून खूश असतो, आणि बद्धकोष्ठाचं एक मोठं कारण तिथेच असतं. मग आमचं चालू झालं: पाणी, वरणाचं पाणी, पपई, नीट पिकलेला चिकू. डहाणू तालुक्यात राहून चिकू विकत आणावा लागत नाही, कुणीतरी देतंच.

आता घरी परत येऊ. माझी आजी, म्हणजे चिऊची पणजी, ऐंशीच्या पुढची. तिनं हे सगळं बघितलं होतं, पण बोलली नव्हती. त्या रात्री म्हणाली, "तू आठ महिन्यांचा असताना माझ्या पायांवर बसून करायचास. तुला कोणी शिकवलं रे? नाय, घाई नाय करायची पोराला."

पायांवर बसवणं माहीत आहे ना? जमिनीवर पाय लांब करून बसायचं, बाळाला दोन पावलांवर उकिडवं बसवायचं, काखेत हात धरायचे, आणि तोंडानं 'सूऽऽ सूऽऽ' आवाज काढायचा. सकाळी उठल्यावर, दूध प्यायल्यावर, आंघोळीआधी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. आज परदेशात याचेच कोर्स आहेत, त्याला 'एलिमिनेशन कम्युनिकेशन' असं भारदस्त नाव आहे.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला प्रश्न पडला की हे चालतं कसं? तर दोन गोष्टी आहेत. एक, पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल सुरू करतं. शरीराची ती जन्मजात व्यवस्था आहे. म्हणून खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवलं तर जमण्याची शक्यता जास्त. आजीचं घड्याळ बाळाच्या पोटाप्रमाणे चालायचं, माझा अलार्म मात्र माझ्या मीटिंगप्रमाणे. दोन, उकिडवं बसलं की आतला मार्ग सरळ होतो. एरवी तिथला एक स्नायू नळीला वाकवून धरतो, ते वाकणं सैल पडतं आणि जोर कमी लागतो. माझा बेडूक जरा उंच होता. चिऊचे पाय लोंबकळायचे. लोंबकळत्या पायांनी जोर लावून बघा तुम्ही, लागतो का?

आणि तिसरी गोष्ट डायपरची. जुन्या लंगोटात शू झाली की ओलं लागायचं, गार लागायचं, बाळ कुरकुरायचं. म्हणजे शरीरानं काहीतरी केलं आणि त्याचा परिणाम लगेच कळला. आजच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पावडर असते, ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषते. कोरडं छान राहतं, पुरळ कमी येतं, रात्री झोप लागते. मी डायपरविरोधी नाहीये, बायको कामावर जाते आणि आम्हालाही झोप लागते. पण त्या मुलाला 'मी आत्ता शू केली' ही बातमीच पोचत नाही. सेन्सर आहे, सिग्नल आहे, मधली वायर आपण कापलेली. आणि मग अडीच वर्षांनी आपण म्हणतो, तीन दिवसांत शिक!

आजीचं सगळं बरोबर असं मात्र नाही हं. ती आईला सांगायची की लहान बाळाची शी घाण नसते, गटारात टाकली तरी चालते. ही समजूत खूप घरांत आहे आणि चूक आहे. लहान मुलाच्या शीतही मोठ्यांसारखेच रोगजंतू असतात, जुलाबाचे विषाणू तर असतातच. म्हणून शी संडासातच टाकायची आणि साबणानं हात धुवायचे, आपलेही आणि मुलाचेही. वापरलेला डायपर गुंडाळून, कागदात बांधून वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. आणि आमच्याकडे ओहोटीला किनाऱ्यावर फिरायला जा, वाळूत काय काय रुतलेलं दिसतं ते बघा. त्यात माझ्या घरचा एखादा नसेलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बरं, मग वय कोणतं योग्य? टी. बेरी ब्रेझल्टन नावाचे एक अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवरून एक लेख लिहिला. सार असं: तयारीची खूण मुलाकडून येऊ द्या, मग सुरू करा. त्यांच्या नोंदींत दिवसाचं जमण्याचं सरासरी वय निघालं साडेअठ्ठावीस महिने. सरासरी हं. म्हणजे कितीतरी मुलं त्याच्यानंतर शिकली, आणि ती सगळी मोठी होऊन नोकरीलाही लागली असणार.

तयारीच्या खुणा काय? दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते. दुपारी झोपून उठल्यावर कोरडी असते. स्वतः चालत जाऊन बसता येतं. चड्डी खाली-वर करायला जमायला लागतं. 'चप्पल आण' म्हटलं की आणते. ओलं झालं की सांगते. आणि एक मजेशीर खूण: शी करायला कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जाते. म्हणजे काहीतरी होणार हे तिला आधी कळतंय. चिऊ मे महिन्याआधीच दाराच्या मागे जायची! खूण होती, पण मी फॉर्म वाचत होतो.

आता तुम्हाला कोसबाडला घेऊन जातो. जूनमध्ये एका कामानिमित्त मी त्या बाजूला गेलो. आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर आहे. शाळेत असताना आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर चार ओळी पाठ करायला लावल्या होत्या, मार्कांपुरत्या. बाप झाल्यावर त्या चार ओळींचा अर्थ कळला.

ताराबाईंनी १९४५ मध्ये आपल्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर ताराबाईंची श्रद्धा होती, पण महागडी साधनं परवडणार कुणाला? मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आधी मुलांचे हातपाय, तोंड धुवायचं, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. म्हणजे स्वच्छता हाच पहिला धडा, पण न ओरडता, अंगणात, खेळता खेळता. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला देशभराची बालविकास योजना सुरू झाली तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. आज देशात कुठेही 'अंगणवाडी' म्हणतात, तो शब्द आपल्या या पट्ट्यातल्या कामातून गेलाय. मला हे माहीत असूनही कधी लक्षात आलं नव्हतं.

मी गाडीवरून परत येताना विचार करत होतो. मूल येत नाही तर आपण त्याच्या अंगणात जायचं. आणि मी काय केलं? अडीच वर्षांच्या मुलीला उचलून माझ्या कॅलेंडरमध्ये बसवलं.

तर मग दुसऱ्यांदा आम्ही काय केलं, ते सांगतो. चिऊची शी महिनाभर मऊ आणि न रडता व्हायला लागली, त्यानंतर हे सुरू केलं, डॉक्टरांना विचारून.

पहिलं, मी तिची माफी मागितली. गुडघ्यांवर बसून. "बाबा ओरडला, चुकलं बाबाचं. शी आली तर चिऊला कोणी ओरडणार नाही." तिला किती कळलं माहीत नाही. पण त्यानंतर आठवडाभर ती कुणीही आलं की सांगायची, "बाबा चुकला." दूधवाल्यालाही सांगितलं.

दुसरं, बेडूक माळ्यावर. आमच्याकडे मागे जुना भारतीय संडास आहे आणि आत नवीन कमोड. भारतीय संडासाच्या भोकाची तिला भीती, कमोडच्या फ्लशच्या आवाजाची भीती. मग मोरीत एक बुटकी साधी पॉटी ठेवली, ज्यावर बसलं की पाय जमिनीला टेकतात. नंतर कमोडवर छोटी सीट लावली आणि पायाखाली जेवायचा जुना पाट, त्याखाली दोन विटा. फ्लश ती बाहेर गेल्यावर करायचा. काही दिवसांनी तीच 'टाटा शी' म्हणून फ्लश दाबायला लागली.

तिसरं, अलार्म बंद. सकाळी उठल्यावर, नाश्त्यानंतर, जेवणानंतर, झोपायच्या आधी, एवढंच. पाच मिनिटं बसायचं, झालं तर झालं, नाही तर उठायचं. मी समोर पाटावर बसून गोष्ट सांगायचो. नाश्त्यानंतरच्या त्या वीस मिनिटांसाठी मी ऑफिसच्या कॅलेंडरवर 'बिझी' टाकलं. मॅनेजरनं कारण विचारलं, मी खरं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "माझा मुलगा चार वर्षांचा आहे, अजून शीसाठी डायपर मागतो." बघा, कुणी बोलत नाही म्हणून कळत नाही.

चौथं, कपडे. जीन्स, बटणं, पट्टे सगळं बंद. सैल इलॅस्टिकची चड्डी, जी तिची तिला खाली करता येते. घरात दिवसा डायपर नाही, प्रवासात आणि रात्री आहे.

पाचवं, भाषा. 'घाण', 'छी', 'ईऽऽ' हे शब्द घरात बंद. सगळ्यांना सांगितलं, येणाऱ्या पाहुण्यांनाही. फरशी ओली झाली तर एवढंच म्हणायचं, "शू झाली, चल पुसू." ती पण फडकं घेऊन येते. शिक्षा म्हणून नाही, मदत म्हणून. आणि मुलगी असेल तर एक लक्षात ठेवा, धुताना नेहमी पुढून मागे. मागून पुढे धुतलं तर लघवीला जंतुसंसर्ग व्हायची शक्यता वाढते.

मला वाटलं होतं, एवढं सगळं केल्यावर आता पटकन होईल. नाही झालं. शू तीन आठवड्यांत बरीच जमली. शीसाठी ती डायपर मागायची. "बाबा, डायपर घाल, शी आली." आधीचा मी असतो तर वेडा झालो असतो. पण विचार करा, शी आलेली कळतेय, थांबवता येतेय, येऊन सांगतेय. म्हणजे सगळं शिकलीय, फक्त भरवसा उरलाय. आम्ही डायपर घालायचो, पण मोरीत उभं राहून करायची. मग डायपर घालून पॉटीवर बसायची. मग डायपर सैल. आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी, बाहेर धो धो पाऊस, मी मोरीबाहेर बसून कावळा-चिमणीची गोष्ट सांगतोय, मेणाच्या घरापर्यंत आलोय, आणि आतून आवाज, "बाबा, झाली." डायपर बाजूलाच पडलेला.

मी काही नाचलो वगैरे नाही. "अरे वा, झाली का," एवढंच म्हटलं. मग आत जाऊन बायकोला बोईसरला फोन केला. ती लॅबमध्ये होती, तिनं मास्क काढला, मागच्या आवाजावरून बाहेर आली असावी, आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

रात्रीचं अजून जमलेलं नाही आणि आम्ही त्याच्या मागे लागलेलो नाही. रात्री कोरडं राहणं हे शिकवून येत नाही, शरीर तयार झालं की येतं. पाच वर्षांच्या मुलांमध्येही साधारण सहा-सातांतलं एक मूल अंथरूण ओलं करतं, आणि पाचच्या आत तर डॉक्टर त्याला आजारही म्हणत नाहीत. मेणकापड अंथरा आणि झोपा. घरात दुसरं बाळ आलं, शाळा बदलली, ताप आला की दिवसाचं जमलेलंही मागे जातं, तेही परत येतं. मात्र काही गोष्टींत वाट बघू नका: लघवी करताना जळजळ किंवा ताप, शीत वारंवार रक्त, पोट फुगून उलट्या, वजन न वाढणं, किंवा नीट जमत असलेलं अचानक बिघडून मूल सारखं पाणी मागायला लागणं. तेव्हा गुगल नाही, डॉक्टर.

प्लेग्रुपचं काय झालं? जूनमध्ये मी जाऊन सांगितलं की फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. त्यांनी घेतलं नाही. फी परत मिळाली, अर्धी. दिवाळीनंतर चिऊ गेली, पहिल्या आठवड्यात दोनदा चड्डी ओली करून आली आणि आता छान जाते. पाच महिने उशीर झाला. मी तिच्याकडे बघून शोधायचा प्रयत्न केला की त्या पाच महिन्यांनी तिचं काय नुकसान झालं. मला काही सापडलं नाही.

एक मात्र आहे. अजूनही कधी घरात कुणाचा आवाज चढला, टीव्हीवरचा जरी असला, तरी चिऊ कपाटाच्या त्या फटीकडे बघते. आता मावत नाही ती तिथे. पण बघते. ती शीट मी डिलीट केलेली नाही. तिसऱ्या दिवसाच्या 'अपघात'च्या रकान्यात फक्त बदल केलाय. तिथे आता लिहिलंय: 'दोनदा सांगितलं होतं.'

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात हे चालू असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुम्हाला कसं शिकवलं होतं ते. भन्नाट किस्से निघतात, माझे तर एवढे निघाले की आजीला हा भाग ऐकवणार नाहीये. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, हात धुवा. साबणानं!